सयाजीराव नांवाचा घोडा

शिक्षकाच्या हातून उभ्या नोकरींत किती अन्याय घडतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, आणि ठेवला तर निवृत्तिवेतन घेतांना हात कांपल्यावांचून राहणार नाहीं. आमच्या हातूनहि पुष्कळ घडले असतील. त्यांपैकीं एक आम्हांस गेल्या वर्षीं उमगला, आणि तोहि आयर्लंडांतून आलेल्या एका छायाचित्रामुळें. ती हकीकत वाचकांपुढें मांडावी असें बरेच दिवस मनांत होतें. हकीकत आहे घोड्याची. आमचा आणि घोड्यांचा संबंध म्हणाल तर अमरकोशांतील अश्वाचे पर्याय तोंडपाठ असणें एवढाच. तेव्हां कोठें लगाम सैल सुटला तर वाचकांनीं सांभाळून घ्यावें.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही येथें अंजनगांव-सुर्जीस एका शाळेंत संस्कृत व इतिहास हे विषय शिकवीत होतों. एके दिवशीं आठव्या इयत्तेंत बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाडांचा विषय निघाला. हे राजे आमच्या विशेष भक्तीचे. मालेगांवकडील कवळाणें या खेड्यांतला गोपाळ नांवाचा मुलगा १८७५ सालीं दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसतो; १९०६ सालीं आपल्या सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करतो; खेडोपाडीं वाचनालयें उघडतो; तरुण आंबेडकरांस शिष्यवृत्ति देऊन अमेरिकेस धाडतो! संस्कृताच्या शिक्षकावर तर त्यांचें निराळेंच ऋण आहे. त्यांच्या आश्रयानें निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणजे राजशेखराची काव्यमीमांसा. तें १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह आपल्या वऱ्हाडांतल्या वत्सगुल्मीं, म्हणजे आजच्या वाशीमास, लागला अशी कथा त्यांत आहे. त्या ग्रंथाची एक जीर्ण प्रत आमच्या तीर्थरूपांनीं जपून ठेविली होती, आणि ती उघडण्यापूर्वीं हात धुण्याची आमच्या घरीं चाल होती.

अशा या महाराजांविषयीं कोणास काय माहीत आहे, असें आम्हीं वर्गास विचारलें. कोणी बोलेना. शेवटीं मागल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरची पानपिंपळीची लहानशी वाडी, अंगांत थोरल्या भावाचा सदरा, एरवीं कधीं तोंड न उघडणारा. तो म्हणाला, "सर, सयाजीराव घोडा होता. विलायतेत शर्यत जितला होता."

वर्ग खो खो हंसूं लागला. आमच्या मस्तकांत तिडीक उठली. आम्हीं त्यास बांकावर उभें केलें. तो सांगत होता, "माह्या मामानं सांगतलं सर, मामा पुण्याले रेसकोर्सवर मोतद्दार हाय." त्यावर आम्ही जें बोललों तें लिहावयास आज लाज वाटते, तरी लिहितों. आम्ही म्हणालों, "तुझ्या मामाची अक्कल घोड्यांबरोबर चरावयास गेलेली दिसते." मुलें पुन्हां हंसलीं. तेव्हांपासून शाळा सुटेपर्यंत सर्वजण त्यास 'घोडा' म्हणूनच हांक मारीत. ती हांक आमच्या कानीं येत असे. आम्हीं ती थांबविली नाहीं. त्या दिवसानंतर त्यानें वर्गांत आपण होऊन उत्तर दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आतां छायाचित्राकडे वळूं. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त आयर्लंडांत असतात. त्यांनीं गेल्या वर्षीं एका फाटकाचें चित्र पाठविलें. किल्डेअर परगण्यांत न्यूब्रिज नांवाचें गांव आहे, त्याच्या जवळ घोड्यांच्या पैदाशीची एक पागा आहे, आणि तिच्या फाटकावर इंग्रजी अक्षरांत नांव 'बडोदा'! "काका, बडोदें इकडे कसें आलें?" असा चिरंजीवांचा प्रश्न. प्रश्न विचारला कीं उत्तर शोधणें ही आमची जुनी खोड. सूनबाईंच्या मदतीनें आम्हीं शोध आरंभला, आणि पुढील तीन महिने इंग्रजी घोड्यांच्या वंशावळी वाचण्यांत घालविले. घरच्या मंडळींस वाटलें कीं म्हातारपणीं यांना रेसचा नाद लागला. सौभाग्यवतींनीं तर पासबुक आपल्या पेटींत ठेवलें. शोध संपला तेव्हां आम्ही कांहीं वेळ गप्प बसून होतों. सयाजीराव घोडा होता. विलायतेंत शर्यत जिंकलेला घोडा होता. मामाची अक्कल कोठेंहि चरावयास गेलेली नव्हती.

शर्यतीच्या घोड्यांची जी जात इंग्लंडांत निर्माण झाली तिचे मूळपुरुष तीन. बायर्लीचा तुर्की, डार्लीचा अरबी व गोडॉल्फिनचा अरबी. त्या जातीच्या कोणत्याहि घोड्याची पितृपरंपरा या तिघांपैकीं एकाशीं जाऊन भिडते. आमच्यासारख्या त्रिप्रवरी माणसास हें वाचून घरीं आल्यासारखें वाटलें! १७९१ सालापासून त्यांची वंशावळीची वही छापली जात आहे, आणि तींत नोंद नसलेल्या घोड्यास त्या पंक्तींत पाट मांडीत नाहींत. सगोत्र विवाहाचा निषेध मात्र ते मानीत नाहींत. पण एका गोष्टीनें आम्हांस खालीं पाहावयास लाविलें. त्या वहींत प्रत्येक घोड्याच्या बापाबरोबर त्याची आई, आईची आई, तिची आई अशी ओळ पिढ्यान् पिढ्या नांवानिशीं लिहिलेली असते. आम्ही श्राद्धाच्या वेळीं पणजीपर्यंत पोंचतों आणि तिच्यापुढें मुके होतों.

आमच्या घोड्याच्या आईचें नांव रोझी लेजंड. ही फ्रान्सकडील घोडी. बाप नेअर्को, हा इटलींतला. फेदेरीको तेझियो नांवाच्या चतुर गृहस्थानें तो निपजविला. चौदा शर्यतींत धांवला आणि चौदाहि जिंकला. १९३८ सालीं पॅरिसची मोठी शर्यत जिंकल्यावर त्यास ६०,००० पौंडांस एका इंग्रज धनिकानें विकत घेतलें. पुढें महायुद्ध पेटलें, तेव्हां न्यूमार्केटच्या पागेंत या नेअर्कोसाठीं बाँबपासून बचाव करणारें खास तळघर बांधण्यांत आलें होतें! लंडनची माणसें रेल्वेच्या भुयारांत निजत असतां एका घोड्यास स्वतंत्र तळघर मिळावें यावर काय बोलावें? परंतु आज जगांतील शर्यतीच्या घोड्यांत नेअर्कोचें रक्त नसलेला घोडा शोधूनहि विरळा सांपडेल, हेंहि तितकेंच खरें.

नेअर्को आणि रोझी लेजंड यांचा पहिला नामांकित पुत्र दान्ते, जन्म १९४२. इटालियन बापाचा मुलगा म्हणून त्या महाकवीचें नांव. यास वर्षाचें शिंगरूं असतांना लिलावांत उभें केलें, पण मनाजोगी किंमत येईना, म्हणून पैदास करणारे सर एरिक ओल्सन यांनीं त्यास परत नेलें. तोच दान्ते १९४५ सालीं डर्बी जिंकला. त्या वर्षींच आधींच्या एका मोठ्या शर्यतींत तो केवळ मानेच्या अंतरानें हरला होता, आणि त्याचें कारण डोळा. दृष्टि जात चालली होती. पुढें तो पुरता आंधळा झाला आणि अंधपणींच त्यानें पैदाशीचीं आपलीं वर्षें काढलीं. १९५६ सालीं तो मेला.

आतां त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचें पाहा. जन्म १९४४, एक वर्षाचें शिंगरूं म्हणून तो लिलावांत उभा राहिला तो नेमका १९४५ सालीं, म्हणजे थोरला भाऊ डर्बी जिंकून बसल्यानंतर. थोरल्यास जेथें साधी किंमत मिळाली नव्हती तेथें धाकट्यावर बोली चढत चढत २८,००० गिनींवर गेली. एवढी किंमत त्या वयाच्या शिंगरास तोंपर्यंत इंग्लंडांत कोणीं दिली नव्हती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हांच्या दरानें हिशेब करतां ही रक्कम तीन लाख ब्याण्णव हजार रुपये होते. बोली लावणारे होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, आपल्या सयाजीराव महाराजांचे नातू. आणि त्यांनीं त्या शिंगराचें नांव ठेविलें 'सयाजीराव'.

येथें आम्हांस नलोपाख्यान आठवलें. आपल्या विदर्भाचा जांवई नल बाहुकाच्या वेषांत असतांना ऋतुपर्ण राजास अयोध्येहून एका दिवसांत येथें आणण्यासाठीं घोडे निवडतो, ते कसे, तर हाडकुळे! राजा कुरकुर करतो, पण बाहुक अंगावरचे भोंवरे पाहून सांगतो कीं हेच घोडे पोंचवतील. प्रतापसिंहरावांनीं भोंवरे पाहिले असतील, नसतील. थोरल्या भावाची कीर्ति मात्र पाहिली होती. ज्या घरांत पहिला मुलगा परीक्षेंत पहिला येतो त्या घरांतल्या दुसऱ्याची जी स्थिति होते, ती या शिंगराची झाली असेल. आम्हीं अशीं कित्येक धाकटीं भावंडें वर्गांत पाहिलीं आहेत.

दोन वर्षांचा असतांना मोठी अशी शर्यत त्याच्या हातीं लागली नाहीं. महाराजांनीं न्यूमार्केट येथें वॉरन प्लेस नांवाची पागा घेतली होती आणि तेथें सॅम आर्मस्ट्राँग हे घोड्यांस तयार करीत. (हल्लींच्या काळांत चौदापैकीं चौदा शर्यती जिंकणारा फ्रँकेल याच पागेंत तयार झाला, आणि तोहि नेअर्कोच्याच वंशांतला.) जॉकी एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन, हिंदुस्थानांत नांव कमावून गेलेला. मुंबईस महालक्ष्मीवर १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी झाली ती बडोदेकरांच्याच 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीनें जिंकली, आणि तिच्यावर स्वार हाच होता.

१९४७ साल उजाडलें. वसंतांतली पहिली मोठी शर्यत मैलाची. तींत ट्यूडर मिन्स्ट्रेल नांवाचा घोडा आठ लांब्यांनीं पुढें निघून गेला; आमचा सयाजीराव तिसरा. मग लिंगफील्ड येथील डर्बीची पूर्वपरीक्षा तो जिंकला. नंतर प्रत्यक्ष डर्बी, दीड मैलाची. तो ट्यूडर मिन्स्ट्रेल तेथें चवथा आला. जिंकला पर्ल डायव्हर नांवाचा कोणाच्या गांवीं नसलेला फ्रेंच घोडा, दुसरा आगाखानांचा मिगोली, आणि सयाजीराव पुन्हां तिसरा. चार लाखांचा तिसरा! महाराजांच्या मनांत काय आलें असेल तें असो. पण जाणत्यांच्या ध्यानीं एक गोष्ट आली असली पाहिजे, ती ही कीं हा घोडा वेगापेक्षां दमाचा होता. अंतर वाढेल तसा तो रंगांत येई. त्याच उन्हाळ्यांत आयर्लंडांत करॅगच्या माळावर तो आयरिश डर्बी जिंकला. मग सप्टेंबरांत, म्हणजे आपल्या देशावर तिरंगा चढून महिना लोटला नव्हता तेव्हां, डॉन्कास्टर येथें सेंट लेजरची शर्यत झाली. ही इंग्लंडांतल्या पांच श्रेष्ठ शर्यतींत सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब, सुमारें पावणेदोन मैल. शेवटच्या टप्प्यांत फ्रेंच घोडा आर्बार त्याच्या बरोबरीनें आला. दोघेहि मान ताणून धांवत राहिले आणि केवळ डोक्याच्या अंतरानें सयाजीराव जिंकला. तिसरा आला मिगोली. डर्बींत जो पुढें गेला होता तोच.

आमचें हें अंजनगांव तह करण्याचें गांव. १८०३ सालच्या डिसेंबरांत शिंद्यांनीं येथें इंग्रजांपुढें कागदावर सही केली. अडगांवच्या मैदानांत मराठ्यांचे घोडे त्यापूर्वींच मोडले होते. त्या गांवांत बसून सेंट लेजरची ही हकीकत वाचतांना आमचें ऊर किंचित् भरून आलें, हें कबूल करितों. मग लक्षांत आलें कीं घोडा इंग्रजी, जॉकी ऑस्ट्रेलियन, माळ त्यांचा. आपलें काय तें नांव आणि पैसे. तरी ऊर भरलें होतें तें भरलेंच.

पुढील वर्षीं अॅस्कॉट येथील हार्डविक शर्यत जिंकून तो पैदाशीसाठीं आयर्लंडांत गेला. तेथेंहि त्याचा स्वभाव बदलला नाहीं. संतति निपजली ती दमाची. ग्लॅडनेस नांवाची त्याची मुलगी मोठी नामांकित. १९५८ सालीं अडीच मैलांचा अॅस्कॉट सुवर्णचषक तिनें घेतला, त्याच वर्षीं गुडवुड चषकहि. लिंक्रिस ही दुसरी मुलगी १९६० सालीं आयरिश ओक्स जिंकली. 'आय से' नांवाचा मुलगा १९६५ च्या डर्बींत धांवला आणि कितवा आला? बापाप्रमाणें तिसरा. पण दुसऱ्या वर्षीं त्याच एप्सम माळावर कॉरोनेशन चषक त्यानें जिंकला. म्हातारा सयाजीराव त्याच वर्षीं, १९६६ सालीं, मरण पावला.

हें सर्व वाचून झालें तरी एक कांटा सलत होता. आजोबांचें नांव घोड्यास? पंचवीस लाख प्रजेनें ज्यांस देव मानिलें त्यांच्या नांवास खोगीर आणि चाबूक? आमच्या घरीं नातवास आमच्या तीर्थरूपांचें नांव ठेविलें आहे. सौभाग्यवती सासऱ्यांचें नांव तोंडानें घेत नाहीं. त्यामुळें नातू कितीहि व्रात्यपणा करो, त्यास नांवानें रागावण्याची तिची सोय राहिलेली नाहीं. "अहो बाळासाहेब, खालीं उतरतां ना?" असें हात जोडून त्यास माळ्यावरून उतरवावें लागतें. जेथें नांवाचा एवढा धाक, तेथें हें घोड्याचें कसें रुचावें? आम्ही रागावून प्रतापसिंहरावांचें चरित्र पाहूं लागलों.

त्यांचा जन्म जून १९०८ मधला. त्यांचे वडील फत्तेसिंहराव त्याच वर्षीं सप्टेंबरांत वारले. तीन महिन्यांचें मूल! त्यानें बाप पाहिलाच नाहीं. पाहिले ते आजोबा. १९३९ सालीं आजोबा गेले आणि गादी नातवाकडे आली. सहा वर्षांनीं त्यानें जगांतलें महागांतलें महाग शिंगरूं घेतलें आणि आपल्यापाशीं असलेलें सर्वांत मोठें नांव त्यास दिलें. आम्हीं पुस्तक मिटलें. राग कोठें गेला कळलें नाहीं.

प्रतापसिंहरावांच्या उधळेपणाची वकिली आम्हांस करावयाची नाहीं. तीन लाख ब्याण्णव हजारांत आजोबांनीं किती वाचनालयें उभारलीं असतीं हा विचार कोणासहि सुचेल. बडोदें १९४९ च्या मे महिन्यांत मुंबई इलाख्यांत विलीन झालें, आणि १९५१ सालीं भारत सरकारनें त्यांची राजेपदाची मान्यता काढून घेतली. ऋतुपर्णानें नलाकडून अश्वविद्या घेतली आणि बदल्यांत अक्षविद्या, म्हणजे द्यूताचें मर्म, दिलें. त्या दोन विद्या एकाच वाटेवर एकमेकींस भेटतात हें व्यासांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. मात्र त्याच १९४९ सालीं, राज्य हातचें जात असतांना, याच नातवानें बडोद्यास एक विद्यापीठ स्थापिलें. आजोबांच्या मनांत तें फार वर्षांपासून होतें. त्याचेंहि नांव महाराजा सयाजीराव. तें आज चालूं आहे.

दिवाळीनंतर एके सकाळीं आम्ही त्या विद्यार्थ्याच्या वाडीवर गेलों. तो आतां अठ्ठेचाळिशीच्या पुढें आहे; पानपिंपळीची वाडी त्यानें वाढविली आहे. आम्हांस बांधावर पाहून तो गडबडला, खाट टाकली, चहा सांगितला. आम्हीं छायाचित्र त्याच्या हातीं दिलें आणि सर्व हकीकत सांगितली. मामाविषयीं जें बोललों होतों तेंहि. तो वेलांकडे पाहत ऐकत होता. मग म्हणाला, "मामा गेला सर, दहा वर्सं झाले. त्याले सांगाले पायजे होतं."

आम्हांस बोलवेना. चहा आला. त्यानें कप आमच्या हातीं देत विचारलें, "दोनदा तिसरा आल्ता म्हणता ना पयले?"

"दोनदां."

"आन् मंग जितला."

घराच्या दारांतून त्याची मुलगी दप्तर घेऊन बाहेर पडत होती. यंदा आठवींत आहे म्हणाला. त्यानें तिला हांक मारून आमच्यापुढें बसविलें आणि म्हणाला, "सर, हिले सांगा सयाजीराव कोन होता थे."

"कोणाचें सांगूं? महाराजांचें कीं घोड्याचें?"

"दोघायचं सांगा," तो म्हणाला, "पन पयले घोड्याचं."